दोन पीसी, तीन ट्यूनर आणि तरीही ‘ट्यूनर मोकळा नाही’

राजेंद्रनगर_इंदूर

नमस्कार मंडळी. गच्चीवर ६० सेंमीची डिश आहे, डीडी फ्री डिशसाठी जीसॅट-१५ कडे रोखलेली, म्हणजे ९३.५ अंश पूर्व. एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) युनिव्हर्सल, एकच आउटपुट असलेला. केबल खाली येऊन ४-वे स्प्लिटरमध्ये (एका केबलचे चार फाटे करणाऱ्या डबीत) जाते. स्प्लिटरचे दोन फाटे दिवाणखान्यातल्या पीसीला आहेत, कारण त्यात दोन ट्यूनरचं (ट्यूनर म्हणजे केबलमधला सिग्नल पकडून पीसीला देणारा भाग) पीसीआय-एक्स्प्रेस कार्ड आहे. तिसरा फाटा वरच्या खोलीतल्या पीसीला जोडलेल्या यूएसबी ट्यूनरला जातो. चौथा मोकळा. दोन्ही पीसींवर लिनक्स आणि दोन्हीकडे वेगवेगळं टीव्हीहेडएंड (ट्यूनर सांभाळून रेकॉर्डिंग करणारं सॉफ्टवेअर). बघायला टीव्हीवर आणि लॅपटॉपवर कोडी हे ॲप.

अडचणी तीन. पहिली म्हणजे, खालच्या पीसीवर एका वेळी तीन कार्यक्रम लावले की तिसरा ‘नो फ्री अडॅप्टर’ म्हणून पडतो आणि तेव्हा वरचा ट्यूनर रिकामा बसलेला असतो. दुसरी, सह्याद्रीवरचं तासाभराचं रेकॉर्डिंग मध्येच तुटतं, १०-१५ सेकंद चित्र फुटतं, परत जमतं, परत फुटतं. सिग्नल एरवी उत्तम आहे, आकाशही निरभ्र असतं. तिसरी, नऊ वाजता एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू होतो त्या वेळी दोन्हींपैकी एक हमखास चुकतो.

नवीन कार्ड घेऊ का? की सेटिंगमध्येच काही आहे?

गच्चीवरची_छत्री

ताई, कार्ड घेऊ नका. या तीन वेगवेगळ्या दुखण्यांना तुम्ही एकच नाव दिलंय, म्हणून गुंता वाटतोय. आधी संदेश वेगळे करा. टीव्हीहेडएंडमध्ये फसलेल्या रेकॉर्डिंगांच्या यादीत प्रत्येकासमोर कारण लिहिलेलं असतं. ‘नो फ्री अडॅप्टर’ म्हणजे ट्यूनर खरोखर कमी पडले. ‘सब्स्क्रिप्शन ओव्हररिडन’ म्हणजे जास्त वजनाच्या कामाने तुमचा ट्यूनर काढून घेतला. ‘नो इनपुट डिटेक्टेड’ किंवा खराब सिग्नलचा संदेश म्हणजे ट्यूनर हातात होता, पण त्यात काही येत नव्हतं. शेवटचं कारण वेळापत्रकाचं नाहीच, ते केबल आणि एलएनबीचं आहे. रेकॉर्डिंग पूर्ण होऊनही तुटक असेल तर पूर्ण झालेल्यांच्या यादीतले ‘एरर्स’ आणि ‘डेटा एरर्स’ हे रकाने बघा.

तुमचं दुसरं दुखणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात चोर रिकामा ट्यूनर असावा. एका आउटपुटचा युनिव्हर्सल एलएनबी एका क्षणी चारांपैकी एकाच अवस्थेत असू शकतो. १३ व्होल्ट मिळाले की व्हर्टिकल (उभ्या ध्रुवीकरणाच्या लहरी), १८ व्होल्ट मिळाले की हॉरिझॉन्टल (आडव्या). २२ किलोहर्ट्झचा टोन नसेल तर ११७०० मेगाहर्ट्झच्या खालचा पट्टा, टोन असेल तर वरचा. स्प्लिटरच्या सगळ्या फाट्यांतून वीज वर जात असेल तर ज्याचे व्होल्ट जास्त त्याचं चालतं. खालचा पीसी १३ व्होल्टवर रेकॉर्डिंग करत असताना वरच्याने १८ मागितले की एलएनबी उडी मारून हॉरिझॉन्टलवर जातो आणि खालचं चित्र फुटतं. वरच्याने मागणी सोडली की सगळं जाग्यावर येतं. तुमच्या १०-१५ सेकंदांचा हिशोब इथे अगदी बसतो.

पण वरचा रिकामा असताना १८ व्होल्ट का मागतो? कारण रिकाम्या ट्यूनरला टीव्हीहेडएंड मक्स (एकाच फ्रिक्वेन्सीवर एकत्र येणारे चॅनलांचे गठ्ठे) तपासायला लावतं, यालाच आयडल स्कॅन म्हणतात. वरच्या पीसीवरची मक्सांची यादी उघडा. नेटवरच्या जुन्या यादीतून भरली असेल तर त्यात काही ओळींसमोर एच (हॉरिझॉन्टल) असेल, काही ११७०० च्या वरच्या असतील आणि त्यांच्या ‘स्कॅन रिझल्ट’मध्ये ‘फेल’ दिसेल. त्या मक्सांवर काहीच नाही, पण ते शोधायला ट्यूनर पुन्हा पुन्हा जातो आणि दर वेळी तुमच्या रेकॉर्डिंगचा घास घेतो.

खात्री करायला सोपी चाचणी आहे. संध्याकाळी दोन तासांचं रेकॉर्डिंग लावा आणि तेवढा वेळ वरच्या यूएसबी ट्यूनरची केबल स्प्लिटरच्या टोकाला काढून ठेवा. वरच्या पीसीवर फक्त टीव्हीहेडएंड बंद करून भागणार नाही, कारण काही यूएसबी ट्यूनर सॉफ्टवेअर बंद असतानाही शेवटचे व्होल्ट सोडत राहतात. केबल काढून रेकॉर्डिंग स्वच्छ आलं तर निदान पक्कं.

मग उपाय असा. आधी वरून व्ह्यू लेव्हल ‘एक्स्पर्ट’ करा, नाहीतर अर्धी खाती दिसतच नाहीत. नेटवर्कमध्ये ‘आयडल स्कॅन मक्सेस’ची खूण काढा. ट्यूनरच्या पानावरही ‘आयडल स्कॅन’ वेगळं असतं, तेही बंद करा. एच असलेले आणि ११७०० च्या वरचे मक्स पुसू नका, ‘डिसेबल’ करा. ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ चालू असेल तर पुसलेला मक्स उपग्रहाच्या माहितीतून परत येऊन बसतो. उरलेल्या सगळ्या मक्सांसमोर व्ही असेल आणि सगळे ११७०० च्या खाली असतील, तर एकाच एलएनबीवर, साध्या स्प्लिटरवर तिन्ही ट्यूनर निवांत चालतील, कारण तिघांची मागणी एकच.

बडोदेकर_सिग्नल

वरचं निदान पटलं. पहिल्या दुखण्याबद्दल लिहितो.

दोन टीव्हीहेडएंड म्हणजे दोन कारभारी, आणि एकाला दुसऱ्याच्या पदरी किती ट्यूनर आहेत ते माहीत नाही. खालचा म्हणणारच की माझ्याकडे दोनच आहेत. वेळापत्रक एकाच ठिकाणी हवं. ते कसं करायचं याचे दोन रस्ते आहेत.

एक, वरचं टीव्हीहेडएंड सॅट-आयपी सर्व्हर म्हणून चालवायचं, म्हणजे त्याचा ट्यूनर घरच्या नेटवर्कवरून खालच्या पीसीला द्यायचा. त्याच्या सेटिंगमध्ये आरटीएसपी पोर्ट शून्य सोडून काही द्या, ५५४ किंवा ९९८३. डीव्हीबी-एस आणि डीव्हीबी-एस२ (उपग्रह-प्रसारणाचे दोन प्रकार) यांच्या खाली निर्यात करायच्या ट्यूनरची संख्या भरा, तुमच्या बाबतीत १. त्यानंतर जे हमखास राहून जातं ते म्हणजे नेटवर्कच्या पानावरचा ‘सॅट-आयपी सोर्स नंबर’. तो शून्य राहिला तर खालच्या पीसीला ट्यूनर दिसतो, पण एकही मक्स लागत नाही आणि माणूस केबल तपासत बसतो. तिथे १ भरा. खालच्या पीसीवर नवा ट्यूनर आपोआप दिसला नाही तर टीव्हीहेडएंड सुरू करताना सॅट-आयपीच्या वर्णन-फाइलचा पत्ता द्यावा लागतो, तो वरच्या पीसीच्या ९९८१ पोर्टावर मिळतो. दिसला की त्याला तेच नेटवर्क जोडा, झालं. वरच्या पीसीवर मात्र रेकॉर्डिंगचे सगळे नियम काढून टाका, एकही ठेवू नका.

दोन पीसींमध्ये केबलचं नेटवर्क ठेवा. सॅट-आयपीचा प्रवाह सहसा यूडीपीवर येतो, वायफायवर त्यातली पाकिटं गळतात आणि गळलेलं परत मागता येत नाही. वायफायशिवाय गत्यंतर नसेल तर खालच्या बाजूला त्या ट्यूनरच्या पानावर आरटीपी टीसीपीवरून घेण्याची खूण आहे, ती लावा. भार फार नसतो. २९५०० सिम्बॉल रेट, ३/४ एफईसीच्या डीव्हीबी-एस मक्सात सुमारे ४०.८ मेगाबिट असतात, पण सॅट-आयपीवरून हवं तेच चॅनल येतं, साधं एसडी असेल तर ३ मेगाबिटांच्या आसपास. तासाला १.३५ जीबी धरा.

दुसरा रस्ता म्हणजे यूएसबी ट्यूनर उचलून खालच्या पीसीला लावणं.

गच्चीवरची_छत्री

बडोदेकर, मी दुसराच रस्ता सुचवीन आणि ठामपणे. सॅट-आयपीसाठी वरचा पीसी चोवीस तास जागा हवा. तो ६० वॅट घेत असेल तर दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३ युनिट, एका ट्यूनरपायी. तो झोपला की रेकॉर्डिंगच्या ऐन वेळी ट्यूनर गायब.

आणखी एक कारण आहे, तेच खरं. तिन्ही ट्यूनर एकाच टीव्हीहेडएंडखाली आले की त्यातलं ‘मास्टर’ हे खातं वापरता येतं. एकाच साध्या केबलवरून फाटे काढलेल्या ट्यूनरसाठीच ते केलेलं आहे. पहिल्या ट्यूनरवर उपग्रह-मांडणी नेहमीप्रमाणे करायची आणि बाकी दोघांच्या ‘मास्टर’मध्ये पहिल्याचं नाव निवडायचं. मग पहिला व्हर्टिकलवर असताना दुसऱ्याला हॉरिझॉन्टल मागताच येत नाही, टीव्हीहेडएंड स्वतःच अडवतं. दोन पीसींमध्ये ही शिस्त लावता येत नाही.

राजेंद्रनगर_इंदूर

चाचणी केली. केबल काढल्यावर दोन तासांत एकही एरर नाही. पुन्हा लावली तर पहिल्या पंचवीस मिनिटांत ३०० च्या वर. वरच्या यादीत एच असलेले सहा आणि ११७०० च्या वरचे दोन मक्स निघाले, सगळे ‘फेल’. बाकी सगळे व्ही. तेव्हा निदान अचूक.

यूएसबी ट्यूनर खाली आणलाय, तिन्ही ट्यूनर दिसतात. आता दोन प्रश्न. खालचा पीसी रीस्टार्ट केला की ट्यूनरची अदलाबदल होते का? आणि नऊ वाजताच्या दुखण्याचं काय? शिवाय टीव्हीवर कोणी कोडी लावून बसलं की रेकॉर्डिंगला ट्यूनर कमी पडेल का?

बडोदेकर_सिग्नल

अदलाबदल होते. पीसीआय कार्ड आणि यूएसबी यांत ज्याचा ड्रायव्हर आधी उठेल त्याला अडॅप्टर शून्य मिळतं. म्हणून ड्रायव्हरच्या मॉड्यूल-पर्यायांत ‘अडॅप्टर एनआर’ लिहून क्रमांक पक्के करा. कार्डाला ० आणि १, यूएसबीला २. बहुतेक डीव्हीबी ड्रायव्हर हा पर्याय घेतात. त्याच पीसीवर चॅनल स्कॅनचं दुसरं सॉफ्टवेअर कधी चालवून बघितलं असेल तर ते मागे चालू नाही ना तेही बघा. एका फ्रंटएंडला, म्हणजे ट्यूनरला, एकच प्रोग्रॅम धरू शकतो, दुसऱ्याला ‘डिव्हाइस बिझी’ मिळतं. कोणी धरलंय ते ‘फ्यूजर’ या आज्ञेने लगेच कळतं.

आता मोजणी. ट्यूनर चॅनल पकडत नाही, अख्खा मक्स पकडतो. एका मक्सावरची पाच चॅनलं एकाच ट्यूनरवरून एकाच वेळी रेकॉर्ड होतात. तेव्हा तीन ट्यूनर म्हणजे तीन चॅनलं नव्हे, तीन मक्स. चॅनलांची यादी मक्सानुसार लावून घरात रोज लागणारी चॅनलं कोणत्या मक्सावर आहेत ते एका कागदावर लिहा. बऱ्याच घरांत सगळा संसार दोन-तीन मक्सांत उरकतो आणि तुम्हाला वाटत होती तेवढी टक्कर उरतच नाही. फ्री डिशवर चॅनलं जागा बदलतात, तेव्हा तो कागद अधूनमधून ताजा करा.

नऊ वाजताची टक्कर पॅडिंगची, म्हणजे कार्यक्रमाच्या आधी-नंतर जास्तीच्या रेकॉर्डिंगची आहे. रेकॉर्डिंग प्रोफाइलमध्ये आधी ५ मिनिटं आणि नंतर ५ मिनिटं असेल तर आठचा कार्यक्रम ९:०५ ला सुटतो आणि नऊचा ८:५५ ला धरतो. दहा मिनिटं दोन्ही एकदम चालू. मक्स वेगळे असतील तर त्या दहा मिनिटांपुरता एक ट्यूनर जास्त लागतो. टीव्हीहेडएंडच्या लेखी ती पाच मिनिटं कार्यक्रमाइतकीच पक्की असतात, अडचण आली म्हणून ते कापून घेत नाही. आधीचं १ मिनिट आणि नंतरचं ३ ठेवा. ज्या कार्यक्रमाची वेळ हमखास लांबते, क्रिकेट किंवा थेट समारंभ, त्याच्या नियमात तेवढ्यापुरतं वेगळं पॅडिंग भरता येतं.

कोडीचं म्हणाल तर घाबरू नका. टीव्हीहेडएंडमध्ये प्रत्येक मागणीला वजन असतं. रेकॉर्डिंगची पाच प्राधान्यं आहेत, त्यांची वजनं ५००, ४००, ३००, २०० आणि १००. नेहमीचं रेकॉर्डिंग ३००. कोडीचं थेट बघणं त्याच्या खाली असतं. म्हणजे ट्यूनर संपले तर रेकॉर्डिंग सुरू होतं आणि बघणाऱ्याचा पडदा काळा होतो. आजींच्या मालिकेच्या मध्यात असं झालं तर घरात बोलणी बसतील, तेव्हा बघण्याचं चॅनल ज्या मक्सावर आहे त्याच मक्सावरची रेकॉर्डिंगं त्या वेळी ठेवायचा प्रयत्न करा. ज्या रेकॉर्डिंगची फारशी गरज नाही त्यांना ‘अनइम्पॉर्टंट’ द्या. आणि दोन रेकॉर्डिंगांचं वजन सारखं असेल तर जे आधी सुरू झालं ते ट्यूनर सोडत नाही, म्हणून न चुकवायच्या कार्यक्रमाला ‘हाय’ लावून ठेवा.

कोडीच्या टीव्हीहेडएंड ॲड-ऑनमध्ये ‘प्रेडिक्टिव्ह ट्यूनिंग’ आहे. पुढचं चॅनल लवकर लागावं म्हणून ते आधीच एखादा ट्यूनर धरून ठेवतं. ट्यूनर तीनच असताना ते बंदच बरं.

लष्कर_ग्वाल्हेर

मिथटीव्ही (टीव्हीहेडएंडसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथे मुख्य आणि दुय्यम बॅकएंड (ट्यूनर सांभाळणारे पीसी) मुळातच एका वेळापत्रकावर चालतात, दोन पीसींचे ट्यूनर एकत्र मोजले जातात. दुय्यम पीसीचे इनपुट मात्र त्याच पीसीवर बसून भरावे लागतात. एकच ट्यूनर दोन इनपुट म्हणून नोंदला असेल तर दोघांना एकाच इनपुट ग्रुपमध्ये घाला, नाहीतर वेळापत्रक त्याला दोनदा मोजेल. मिथटीव्हीचं सर्वसाधारण पॅडिंग सैल असतं, पुढच्या कार्यक्रमासाठी जागा नसेल तर ते आपोआप सोडून देतं. नियमात लिहिलेलं ‘आधी सुरू, उशिरा बंद’ मात्र पक्कं.

पण ताई, मला तुमच्या स्प्लिटरची जास्त काळजी वाटते. त्याच्या अंगावर काय छापलंय? केबल टीव्हीचा ५ ते १००० मेगाहर्ट्झचा असेल तर तो इथे चालत नाही. एलएनबीचा खालचा ऑसिलेटर ९७५० चा, तेवढे वजा होऊन ११०९० चा मक्स केबलमध्ये १३४० मेगाहर्ट्झवर उतरतो आणि ११६३० चा १८८० वर. १००० पर्यंतच्या स्प्लिटरमध्ये खालचे मक्स कसेबसे येतात आणि वरचे पावसाच्या पहिल्या ढगाला जातात. ५ ते २४०० छापलेलाच घ्या. ४-वे मध्ये प्रत्येक फाट्याला ७-८ डेसिबल जातात, मोकळ्या चौथ्या फाट्यावर ७५ ओहमचं टर्मिनेटर बसवा. तो फाटा वीज सोडणारा असेल तर टर्मिनेटर डीसी अडवणारंच हवं, साधं तापतं. ४-वेऐवजी ३-वे घेतलात तरी चालेल.

स्प्लिटरवर ‘डीसी पास’ (या फाट्यातून वीज वर जाते) एकाच फाट्याला लिहिलेलं असेल तर तिथे मास्टर ट्यूनर जोडा. दुसरा जोडला तर एलएनबीला वीज देणारा कोणी वेगळा आणि हुकूम देणारा वेगळा, असं होतं. उपग्रह-मांडणीत ‘टर्न ऑफ एलएनबी व्हेन आयडल’ची खूण असेल तर काढा आणि मास्टरवर ‘पॉवर सेव्ह’ही नको. नाहीतर मास्टर रिकामा झाला की एलएनबीची वीज जाते आणि बाकी दोघे उपाशी.

पुढेमागे दुसऱ्या ध्रुवीकरणाची चॅनलं हवी झाली तर हे सगळं सोडून क्वाड एलएनबी बसवा, चार स्वतंत्र आउटपुट, प्रत्येक ट्यूनरला आपली आरजी-६ केबल. तेव्हा ‘मास्टर’ काढून टाकायचं, कारण कोणी कोणाला अडवायचं कारण उरत नाही. जुना एलएनबी काढण्याआधी त्याच्या तिरपेपणाचा फोटो काढून ठेवा. इंदूरहून ९३.५ अंशांसाठी डिश खऱ्या उत्तरेपासून सुमारे १४० अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर बघते आणि एलएनबी जवळजवळ ३६ अंश तिरपा असतो. नवा सरळ बसवला तर सिग्नलचा कस बराच घसरेल आणि दोष नव्या एलएनबीवर जाईल.

राजेंद्रनगर_इंदूर

स्प्लिटरवर ५ ते १००० छापलंय! उद्या जेल रोडवरून २४०० चा आणते. त्याच केबलवर जुना फ्री डिशचा सेट-टॉप बॉक्स मोकळ्या फाट्याला लावावा म्हणत होते, तो चालेल का?

लष्कर_ग्वाल्हेर

चालेल, पण तोही एक ट्यूनरच आहे आणि तो टीव्हीहेडएंडचं ऐकत नाही. बॉक्स चॅनल शोधायला लागला की तोही १८ व्होल्ट आणि २२ किलोहर्ट्झ सोडतो आणि तुमचं जुनं दुखणं परत येतं. एकाच फाट्याला ‘डीसी पास’ असलेला स्प्लिटर घ्या आणि बॉक्स वीज न जाणाऱ्या फाट्यावर लावा. मग तो फक्त ऐकेल, एलएनबीला काही सांगू शकणार नाही. मात्र खालचा पीसी बंद असेल तेव्हा बॉक्सवर ‘नो सिग्नल’ दिसेल, कारण एलएनबीला वीज पीसीच देतोय. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी गच्चीवर जाऊन डिश हलवेल.